आधी पाहुण्याचं घड्याळ, मग खोलीचा नकाशा

रात्रीचे साडेबारा वाजले होते. इंदुरातल्या एका जुन्या दुमजली घरात नुकताच होमस्टे सुरू झाला होता आणि मी तिथे मुक्कामाला होते. जिन्यात कुजबुज ऐकू आली म्हणून दार उघडलं. पाच माणसांचं कुटुंब उज्जैनला महाकालच्या भस्मारतीला निघालं होतं. आजी भिंतीवरून हात फिरवत दिव्याचं बटण शोधत होत्या. सून झोपलेलं बाळ खांद्यावर घेऊन पायानेच चपला चाचपत होती. मुलगा मोबाइलच्या उजेडात फाटकाचं कुलूप काढत होता. तक्रार कुणीच केली नाही, उलट माझी झोपमोड झाली म्हणून आजींनीच माफी मागितली.

ते घर मी सजवलं होतं. दर्शनी भिंतीवर, कोनाड्यांवर, पितळी समयांवर आम्ही दीड महिना जीव लावला होता. जिन्याचं बटण मात्र फक्त वरच्या मजल्यावर होतं. त्या रात्रीनंतर मी कामाचा क्रम बदलला. घरमालकाने भिंतीचा रंग विचारला तरी मी आधी वही उघडते आणि विचारते, तुमचा पाहुणा रात्री साडेबाराला काय करत असतो?

चार ते दहा खोल्यांचं छोटं हॉटेल, होमस्टे किंवा जुन्या वाड्यातला अतिथिनिवास सुरू करू पाहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. उदाहरणं इंदूरची आहेत, कारण माझं काम इथलं. तुमच्या गावाचं घड्याळ तुम्ही मांडा.

पहिली पायरी: घड्याळ लिहून काढा

मोठा कागद घ्या आणि चोवीस तासांचे चोवीस रकाने पाडा. तुमच्याकडे कोण येणार आहे ते ठरवा आणि तो माणूस प्रत्येक तासाला कुठे असेल, हातात काय असेल, काय हवं असेल, ते लिहा.

इंदूरच्या पाहुण्याचं घड्याळ विचित्र आहे आणि तीच आपली संधी आहे. उज्जैन इथून साधारण 55 किलोमीटरवर. भस्मारती पहाटे चारला असते. प्रवास, तपासणी, रांग हे सगळं धरून लोक साडेबारा-एकला खोली सोडतात आणि सकाळी आठ-नऊला डोळे चोळत परततात. आता बहुतेक ठिकाणची न्याहारी आठवा, सात ते दहा. हा पाहुणा दमून येतो, आधी अंघोळ करून पडतो आणि उठतो तेव्हा स्वयंपाकघर बंद झालेलं असतं. ओंकारेश्वरला जाणारा पाहुणा नर्मदेत स्नान करून संध्याकाळी ओल्या धोतर-साड्यांची पिशवी घेऊन येतो. तिसरा पाहुणा खास खाण्यासाठी आलेला. सराफ्यातली दागिन्यांची दुकानं रात्री बंद झाली की त्यांच्याच ओट्यांसमोर खाऊगल्ली उभी राहते. तिथून तो मध्यरात्रीनंतर भुट्टे का कीस, गराडू, जलेबा खाऊन परततो आणि त्याला हवं असतं पाचक आणि भरपूर पाणी. चौथा म्हणजे मुलाला कॉलेजात सोडायला आलेले आई-बाप. त्यांना रात्री झोपच लागत नाही.

या सगळ्यांना एकाच घरात सारखंच खूश करता येणार नाही. एक मुख्य आणि एक दुय्यम पाहुणा निवडा. ही निवड करताना मन कचरतं, गिऱ्हाईक हातचं जाईल असं वाटतं. तरीही निवडा, कारण पुढचा प्रत्येक खर्च याच निवडीवरून ठरणार आहे.

वर्षाचं घड्याळही याच कागदाच्या मागे लिहा. रंगपंचमीला होळकरांच्या राजवाड्याच्या परिसरातून गेर, म्हणजे रंग उधळणारी मिरवणूक, निघते, त्या दिवशी पाहुणा नखशिखान्त रंगून परततो. पांढरे टॉवेल, पांढऱ्या चादरी आणि फिक्या फरशीचे सांधे एका दुपारी कायमचे गुलाबी होतात. त्या आठवड्यापुरते गडद टॉवेल वेगळे ठेवा आणि अंगणात एक नळ व बादली. अनंत चतुर्दशीला कापडगिरण्यांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, रात्रभर निघतात, राजवाड्याकडचे रस्ते बंद होतात. त्या दिवशी येणाऱ्याला गाडी कुठे लावायची आणि किती चालावं लागेल, हे आदल्या दिवशीच कळवायला हवं.

दुसरी पायरी: स्वतः मुक्काम करा

तुमच्या प्रत्येक खोलीत एक पूर्ण रात्र झोपा. बॅग घेऊन या, दार लावा, घड्याळात लिहिलेलं सगळं करून बघा. अंधारात उठून न्हाणीघरात जा. ओला टॉवेल हातात धरा आणि तो कुठे टाकावासा वाटतो ते बघा. चष्मा, कवळी, मोबाइल, पाण्याची बाटली, रात्रीच्या गोळ्या हे सगळं उशाशी मावतं का? सकाळी कचरागाडीचं गाणं कोणत्या खिडकीतून सगळ्यात मोठ्याने येतं? 2017 पासून सलग अनेक वर्षं स्वच्छतेत पहिला नंबर मिळवलेल्या शहराचा हा आवाज आपल्याला अभिमानाचा वाटतो, पण नऊ वाजता महाकालहून येऊन झोपायचंय त्या पाहुण्याला रस्त्याकडची खोली देऊ नका.

घरातल्या सत्तरीच्या माणसालाही एक रात्र झोपवा. त्यांना जे खटकेल ते तुम्हाला कधीच दिसणार नाही.

तिसरी पायरी: पैसा आधी न दिसणाऱ्या गोष्टींवर

इथे थोडं सविस्तर बोलते, कारण नवखी माणसं सगळ्यात जास्त इथेच फसतात.

उजेड. प्रत्येक जिन्याला वर-खाली टू-वे स्विच, प्रत्येक पलंगाशी हात पोचेल तिथे मुख्य दिव्याचं बटण. राहत्या खोलीत 2700 केल्विनच्या आसपासचा पिवळसर उजेड, आरशासमोर थोडा पांढरा. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत घोट्याच्या उंचीवर एक मंद दिवा, जो रात्रभर जळू द्यावा. छताच्या मधोमध एकच झगझगीत ट्यूब असलेली खोली कितीही महाग फर्निचर घाला, वेटिंग रूमसारखीच वाटते.

आवाज. दाराखालची फट हा जुन्या घरांचा मोठा शत्रू. सुताराकडून दाराच्या खालच्या कडेला रबराची पट्टी बसवून घ्या, काम तासाभराचं आहे. दारांना आपटू न देणारे क्लोजर, खुर्च्यांच्या पायांना फेल्ट, आणि एक्झॉस्ट फॅन घेताना तो दुकानात चालू करून ऐका. मध्यरात्री उठणारा आणि सकाळी उशिरा झोपणारा असे दोघे पाहुणे एकाच मजल्यावर असतात, त्यामुळे ही पट्टी गालिच्यापेक्षा महत्त्वाची.

पाणी. गिझर नळापासून लांब असेल तर गरम पाणी यायला वेळ लागतो आणि तोपर्यंत स्वच्छ पाणी वाहून जातं. नळकाम करतानाच गिझर न्हाणीघराच्या भिंतीलगत घ्या. इंदुरात बोअरचं पाणी क्षाराचं, शॉवरची भोकं बुजतात. महिन्यातून एकदा ती जाळी व्हिनेगरमध्ये भिजवायचं काम वहीत तारखेसह लिहा. शॉवर कितीही चांगला असला तरी बादली आणि तांब्या ठेवाच. पायांना तेल लावून बसलेल्या आजींना शॉवर नको असतो.

आणि ओले कपडे. मला या एका गोष्टीबद्दल फार कळकळ आहे. हजारो रुपयांच्या खोलीत नर्मदेचं पाणी निथळणारी साडी खुर्चीच्या पाठीवर, टीव्हीच्या कोपऱ्यावर, एसीच्या खाली वाळत घातलेली मी पाहिली आहे. त्यात लाकूड खराब होतं आणि पाहुण्याला संकोच होतो. आपल्या जुन्या घरांत कपडे वाळवायला दोरीने वर-खाली होणारी दांडी असायची. मी ती परत आणली. गॅलरीच्या छताला कप्पीवर बांधलेली, नऊवारी लुगडंही दुमडून मावेल इतकी लांब लाकडी दांडी. खाली कोट्याची फरशी, पाणी जायला उतार. दोरी सोडली की दांडी हातात येते, कपडे टाकायचे, ओढून वर न्यायची. पहिल्याच महिन्यात एका पाहुण्याने फोटो काढला तो पलंगाचा नव्हता, या दांडीचा होता. म्हणाले, आमच्या आईच्या घरी अशीच होती.

चौथी पायरी: एक हात, एक मन

आपल्याच शहरात याचा धडा आहे. माणिकबाग. 1930च्या सुमारास इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी एकार्ट मुथेसियस या पंचविशीतल्या जर्मन वास्तुशिल्पीकडे तो महाल सोपवला. त्याने इमारतीबरोबर आतलं फर्निचर आणि दिवेही स्वतः आखले आणि युरोपातल्या त्या काळच्या आघाडीच्या कलावंतांच्या वस्तू त्याच शिस्तीत बसवल्या. 1980मध्ये मोनॅकोत त्यातल्या वस्तूंचा लिलाव झाला, आज त्या वास्तूत सरकारी कार्यालय आहे. तरीही डिझाइन शिकणारी मुलं जगभर त्या खोल्यांचे फोटो बघतात. आपल्याकडे महाराजांचा खजिना नाही, पण एका माणसाच्या नजरेतून सगळं जाणं हे बिनपैशाचं आहे. पडदे वहिनींनी, दिवे भाच्याने, पाटी पेंटरने आणि सोफा सेलमधून असं झालं की घर कुणाचंच राहत नाही. कुणी तरी एकाने शेवटचा शब्द घ्यावा. वहिनींची नजर चांगली असेल तर त्यांनीच घ्यावा, पण मग सगळंच.

अनेक जण मला राजवाड्यासारखा लूक मागतात. मी त्यांना राजवाड्यासमोर घेऊन जाते. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. त्यातलं काही नकली नाही, म्हणून ते भव्य वाटतं. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या कमानी आणि लाकडासारखा दिसणारा कागद चिकटवून ते येत नाही. त्यापेक्षा एकच खरी वस्तू निवडा आणि तिला जागा द्या. महेश्वरचं कापड घ्या. तिथल्या साडीच्या काठांतली विटेची, चटईची, लाटेची नक्षी किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांशी नातं सांगते. पायाशी अंथरायला त्याची एक पट्टी पुरे. किंवा धार जिल्ह्यातल्या बाग गावचे ठसे, तांबडा आणि काळा, पांढऱ्या सुती कापडावर. दोन्ही एकाच खोलीत नको.

राजवाड्याला 1984मध्ये आग लागली होती, हेही त्यांना तिथेच सांगते. जुन्या घरात लाकूड भरपूर असेल तर सजावटीच्या आधी वायरिंग बदला. प्रत्येक मजल्यावर अग्निशामक नळकांडं, बाहेर पडायचा दुसरा रस्ता, आणि त्या रस्त्यावर ठेवलेल्या गाद्या-सायकली आजच हलवा.

पाचवी पायरी: नाव आणि पाटी

नाव ठरवलं की ते फोनवर रिक्षावाल्याला सांगून बघा. दोनदा सांगावं लागलं तर बदला. आम्हा इंदूरकर मराठी माणसांची एक खास अडचण आहे. आपल्याला माळवा, ओंजळ, सोहळा अशी ळ असलेली गोड नावं आवडतात आणि शहर हिंदी बोलतं. ळचा ल होतो, इंग्रजी अक्षरांत त्याची चार स्पेलिंगं होतात, आणि नकाशावर शोधणारा पाहुणा भलत्याच गल्लीत पोचतो. ‘चौसोपी’ फार सुंदर शब्द आहे, पण पाटण्याहून आलेल्या यात्रेकरूच्या तोंडी बसत नाही. ‘ओसरी’, ‘पडवी’, ‘अंगण’ बसतात. दोन-तीन अक्षरी, अर्थ सांगता येईल असा, घरात खरोखर असलेल्या गोष्टीचा शब्द घ्या. ओसरी नसलेल्या फ्लॅटला ‘ओसरी’ म्हणू नका, पाहुणा येऊन ती शोधतो.

नाव पक्कं झालं की पाटी रंगवायच्या आधी ट्रेडमार्कची नोंद तपासा. हॉटेल आणि खानपान सेवांचा वर्ग 43. स्वतःच्या नावाने किंवा छोट्या उद्योगाने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाची फी 4500 रुपये, नोंद दहा वर्षांची आणि पुढे वाढवता येते. पाटी देवनागरी ठळक, गाडीच्या दिव्यात वाचता येईल अशी. घर गल्लीत असेल तर नकाशावरची खूण नेमक्या फाटकावर लावा, मागच्या भिंतीवर नको.

रंग, अक्षरवळण, बिलाचा कागद, साबणाचा कागद हे सगळं नंतर आणि भराभर होतं. नाव चुकलं तर मात्र वर्षानुवर्षं सोसावं लागतं.

सहावी पायरी: पहिली दहा मिनिटं

प्रवासातून आलेल्याच्या हाती आधी पाणी, मग रजिस्टर. आपल्याकडे गूळ-पाण्याची रीत होतीच, ती जशीच्या तशी ठेवा. त्या पेल्याची गोष्टही सांगता येते. 1978पासून इंदूर नर्मदेचं पाणी पितं, ते नर्मदेकाठच्या जलूदहून सुमारे 70 किलोमीटर लांबून, घाट चढवून आणलेलं. पाहुण्याला देताना अर्थातच नीट शुद्ध केलेलंच द्या. ज्यांना उद्या ओंकारेश्वरला जायचंय त्यांच्या चेहऱ्यावर ती गोष्ट ऐकताना जो भाव येतो, तो कुठल्याही वेलकम ड्रिंकने येत नाही.

ओळखपत्राची नोंद पाणी पिऊन झाल्यावर, बसवून. परदेशी पाहुणा असेल तर त्याच्या आगमनाची माहिती 24 तासांच्या आत ऑनलाइन भरावी लागते. हे काम रात्रीच उरकायची सवय लावा.

सातवी पायरी: स्वयंपाकघराची वेळ

मध्यरात्री निघणाऱ्यांसाठी जिन्याच्या पायथ्याशी एक टेबल, थर्मासमध्ये चहा, कागदी कप, राजगिऱ्याचे लाडू. आरतीआधी काही न खाणारे बरेच असतात, म्हणून लाडू बांधून द्यायची छोटी पाकिटंही. एवढ्याशा टेबलाने माझ्या एका गिऱ्हाइकाचं घर ओळखलं जातं. लोक नाव विसरतात आणि विचारतात, ते रात्री चहा ठेवणारे कोण?

न्याहारी अकरापर्यंत ठेवा. पदार्थ कमी करा पण वेळ वाढवा. पोह्यांबद्दल माझं ठाम मत आहे. इंदुरी पोहे वाफेवर ठेवलेले, वर शेव, कांदा आणि जीरावन हा मसाला, सोबत जलेबी, हे ठेल्यावरच खावेत. घरात त्यांची नक्कल करू नका. पाहुण्याला जवळच्या ठेल्याची वाट दाखवा आणि घरी आपले ओलं खोबरं-कोथिंबीर घातलेले कांदेपोहे करा. मग तो दोन्ही चवी ताडून बघतो, गप्पा सुरू होतात.

आठवी पायरी: घरातली माणसं

काम करणाऱ्या ताई-दादांना पाठ करायला वाक्यं देऊ नका, त्यांना अधिकार द्या. म्हातारं माणूस दिसलं की वरची खोली न विचारता खालच्या खोलीशी बदलायचा अधिकार. बाळ असेल तर रात्री दूध गरम करून द्यायचा अधिकार. मालकाला फोन लावून विचारावं लागलं की तो क्षण गेला. आणि त्यांनी एक रात्र पाहुणा म्हणून त्याच खोलीत राहावं. आमच्याकडे खोल्या आवरणाऱ्या एका मावशींनी असं राहून झाल्यावर सांगितलं की आरशाखालची फळी इतकी अरुंद आहे की टिकल्यांचं पाकीट पडतं. फळी दोन इंच वाढवली. मी तीच फळी स्वतः मापून लावली होती.

नववी पायरी: निरोप

1993मध्ये मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एक हात 14 अंश थंड पाण्यात 60 सेकंद धरायला लावला. दुसऱ्या खेपेला तसेच 60 सेकंद आणि वर आणखी 30, फक्त त्या शेवटच्या 30 सेकंदांत पाणी हळूहळू एका अंशाने गरम केलं. पुन्हा कोणती खेप कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरी, म्हणजे जास्त वेळ त्रास असलेली निवडली, कारण तिचा शेवट जरा सुसह्य होता. आपल्या धंद्यात हे उलट घडतं. तीन दिवस उत्तम जातात आणि शेवटची वीस मिनिटं बिलाच्या खिडकीपाशी, पाण्याच्या बाटल्या मोजण्यात आणि कार्ड चालत नाही म्हणून घामाघूम होण्यात.

म्हणून हिशेब आदल्या संध्याकाळी, बसून, चहाबरोबर. पाण्याच्या बाटलीचे वेगळे पैसे लावू नका. सकाळी फक्त किल्ली आणि सामान. हातात जीरावनची छोटी पुडी द्या. ती महिनाभर त्यांच्या घरी काकडीवर, उकडलेल्या बटाट्यावर पडत राहते, आणि पुडीवर तुमचं नाव आणि फोन असतो. गाडीपर्यंत कुणी तरी जावंच.

पाहुणा गेल्यावर तासाभरात खोली बघा. चार्जर, बाळाचा एक मोजा, गादीखाली ठेवलेली गोळ्यांची पट्टी, देवदर्शनाचा धागा, काही ना काही राहतंच. वस्तू पाकिटात घाला, वर खोली आणि तारीख लिहा, आणि पाहुण्याला आठवण होण्याआधी तुम्हीच फोन करा. त्या जिन्यातल्या आजींची जपमाळ उशीखाली राहिली होती. ती कुरिअरने पाठवली तेव्हा सोबत चिठ्ठी घातली, जिन्याच्या खाली आता बटण लावलं आहे.